एक्केचाळीस यंत्रांतले आण्णा

रंकाळ्याच्या काठावर भेळेच्या गाड्यांची रांग जिथं संपते, तिथं आण्णांच्या कमरेचा पट्टा थरथरला आणि ते थांबले. थांबायची जागा त्यांना आता पाठ झाली होती. तरी कुंपण आज हललंय का, हे बघायला ते रोज मुद्दाम एक पाऊल जास्त टाकत. कुंपण हलणारं नव्हतं. ते तारेचं असतं तर एखाद्या रात्री कुणी वाकवलं तरी असतं. हे गणिताचं होतं.

"आण्णा, मागं या," त्यांची मुलगी शरयू म्हणाली. तिच्या फोनवरचा हिरवा ठिपका पिवळा झाला होता.

"आलो की. पलीकडचं वारं कसं हाय, बगत हुतो."

"वारं दोन्हीकडं तेच आहे."

"ते तू अलीकडनं सांगालीस," आण्णा म्हणाले आणि मुकाट्यानं मागं वळले. उद्यमनगर मध्यावर धरून साधारण तीन किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर त्याच्या आत जेवढं कोल्हापूर येईल तेवढं आण्णांचं. बाकीचं जग त्यांना फोनवर बघावं लागे.

केरबा सुतार, म्हणजे आण्णा, हे उद्यमनगरातले नावाजलेले पॅटर्न मेकर. फाउंड्रीत लोखंडाचा रस ओतायचा तर आधी वाळूत साचा उठवावा लागतो, आणि साचा उठवायला लाकडाचा नमुना लागतो. तो नमुना आण्णा करत. नमुने कोरायची यंत्रं आली तरी अडलेलं काम घेऊन मालकमंडळी आण्णांच्याच दारात येत. पाच वर्षांपूर्वी माळ्यावरून सागवानाची फळी काढताना ते शिडीवरून पडले. डोक्याची जखम भरली, पण आत काहीतरी उसवलं ते उसवलंच. फिट येऊ लागल्या, आणि त्याही साध्यासुध्या नव्हेत. एखादी इतकी लांबायची की श्वास अडकून ओठ निळे पडायचे. औषधं झाली, ऑपरेशन झालं, नवससायास झाले. शरयूची आई आधीच गेलेली. शरयू तेव्हा बेंगळुरूला संगणकांच्या जाळ्यांवर संशोधन करत होती. दोन महिन्यांची रजा टाकून ती आली आणि मग परत जायचं राहूनच गेलं.

उपाय नवा होता, पण जादूचा नव्हता. मेंदूतलं वादळ अचानक उठतं असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याची जमवाजमव बराच वेळ आधी चाललेली असते. कवटीखाली बसवलेली बारीक तारांची एक पट्टी ही जमवाजमव ऐकू शकते. पण नुसतं ऐकून भागत नाही. लाखो पेशींच्या गलक्यात कोणती कुजबुज दंगा होणार आणि कोणती आपोआप विरणार, हे ओळखायला त्याच माणसाच्या मेंदूची गणिती प्रतिकृती लागते. पट्टीकडून, कमरेच्या पट्ट्यामार्फत, क्षणाक्षणाची खबर घेत ही प्रतिकृती खऱ्या मेंदूच्या काही मिनिटं पुढं धावत असते. प्रतिकृतीत वादळ दिसलं की पट्टी खऱ्या मेंदूला नेमक्या जागी, लाटेच्या नेमक्या वळणावर, एक हलकासा उलटा झटका देते. वादळ उठण्याआधीच मोडतं आणि माणूस चहा पीत असला तर कपसुद्धा हलत नाही.

अडचण अशी की ही प्रतिकृती अवाढव्य. खिशातल्या यंत्रात ती मावत नाही. ती दूरच्या महासंगणकावर ठेवावी तर निरोप जाऊन यायला वेळ लागतो, आणि उलटा झटका क्षणभर जरी चुकला तर विझायच्या ऐवजी भडका उडतो. म्हणजे भरपूर ताकद हवी आणि तीही अगदी जवळ, त्या तीन किलोमीटरांत. एका माणसासाठी एवढं यंत्र कोण बांधणार?

शरयूनं ते बांधलं नाही, गोळा केलं. उद्यमनगरात प्रत्येक फाउंड्रीत आणि मशीनशॉपात एक दांडगा संगणक असतोच. रस साच्यात कसा भरेल, आधी कुठं थंड होईल, कास्टिंगच्या पोटात पोकळी कुठं राहील, हे ओतण्याआधी गणितानं बघायला ठेवलेला. दिवसातला बराच वेळ तो रिकामा बसतो. शरयूनं असे चाळीस आणि घरचा स्वतःचा एक, मिळून एक्केचाळीस संगणक एका जाळ्यात आणले. आण्णांच्या प्रतिकृतीचे शेकडो तुकडे केले, आणि जे यंत्र रिकामं असेल त्याच्यावर तुकडे बसवले. प्रत्येक तुकड्याची एक जोडप्रत दुसऱ्या यंत्रावर, एक अचानक बंद पडलं तर हाताशी असावी म्हणून. आणि सगळ्यांच्या वरचा नियम हा, की यंत्र ज्याचं त्याचंच. मालकानं माऊसला हात लावला की तिथला तुकडा, गणित जिथवर आलं असेल तिथं थांबवून, बांधून, पापणी लवायच्या आत दुसऱ्या रिकाम्या यंत्रावर जायचा आणि पुढचं गणित सुरू करायचा. मालकाला पत्ताही लागायचा नाही. यंत्रधारकांच्या सहकारी संस्थेच्या सभेत तिनं हे सोप्या भाषेत सांगितलं होतं, "मालक आला की पाहुण्यानं उठायचं."

तिथंच तिचं चुकलं. गणितात नव्हे, माणसं ओळखण्यात. पाहुण्याला उठवायचं हे कोल्हापुरात कुणाच्या हातून होणार होतं?

पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका दिसला, म्हणजे त्या यंत्रावर आण्णांचा तुकडा आहे. हा ठिपका दिसला की लोक की-बोर्डला हात लावेनात. गिअर कापायचं शॉप चालवणाऱ्या रिहाना मुल्लाणी तर चक्क पाटी घेऊन पेन्सिलनं ड्रॉइंग काढताना शरयूला सापडल्या.

"भाभी, अहो, तुम्ही तुमचं काम करा. तुकडा आपोआप दुसरीकडं जातो. आण्णांना काही कळतसुद्धा नाही."

"तुझं खरं असंल बाई. पण ठिपका दिसतोय न्हवं? आण्णा जेवायला बसल्यासारकं वाटतंय मला. ताटावरनं उठवू व्हय त्यांस्नी?"

शरयूनं शेवटी तो ठिपकाच काढून टाकला, तर लोक संगणकाच्या पंख्याच्या आवाजावरून ओळखू लागले. पंखा मोठ्यानं फिरला की आण्णा आले. मग चहाच्या गाड्यावर कौतुक चाले, आज सकाळधरनं आण्णा आमच्याकडंच हाईत म्हणून. संशोधक म्हणून शरयूला हसू यायचं. मालकाला आधी मान द्यायचा म्हणून तिनं रक्त आटवून जी व्यवस्था बसवली होती, ती मालकांनी स्वतःच मोडीत काढली होती. आण्णांचं गणित इतकं सुरळीत चाले की जगातल्या कुठल्याच जाळ्यात चालत नसेल. मालकांची कामं मात्र मागं पडत. दोन जणांच्या ऑर्डरी बेळगावला गेल्या. हे आण्णांना कुणी सांगितलं नाही, पण आण्णांना कान होते.

भेटेल तो माणूस "आण्णा, बरं हाय न्हवं?" असं विचारायचा, आणि आण्णांना बरं आहे म्हणावंच लागायचं. चाळीस घरांनी तुमच्यासाठी हात बांधून घेतले असतील तर बरं नाही म्हणायची सोय कुठं उरते? चिडायची सोय नाही, कंटाळायची नाही. एकदा ते शरयूला म्हणाले, "माजं डोस्कं समद्या गावानं उचलून धरलंय. खाली ठेवा म्हणायची चोरी झालीया."

आणि त्यात खंडेनवमी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी उद्यमनगरात यंत्राला हात लावत नाहीत. लेथ, ड्रिल, भट्टीचा ब्लोअर, सगळं पुसून, तेलपाणी करून, झेंडूच्या माळा घालून पूजतात, आणि यंत्र त्या दिवशी विश्रांती घेतं. वर्षभर राबलेल्याला एक दिवस निवांत पडू द्यायचं, एवढी साधी गोष्ट. मालक कोणत्या धर्माचा हे तिथं कुणी विचारत नाही. रिहानाभाभींच्या शॉपात कोहळा दरवर्षी फुटतो. संगणक आल्यावर त्यांच्याही की-बोर्डला हळदीकुंकू लागू लागलं आणि तेही बंद राहू लागले. गेली तीन वर्षं मात्र ते बंद झाले नव्हते. शरयूच दारोदार फिरून सांगायची, पूजा करा, माळ घाला, फक्त बटण दाबू नका.

यंदा श्रावणात धनपाल मगदूमांच्या फाउंड्रीत रसाचा लॅडल, म्हणजे ओतायचं भांडं, कलंडला आणि एका कामगाराचा पाय भाजला. लॅडलची साखळी झिजली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही गाड्यांवर कुजबुज सुरू झाली, की यंत्रास्नी इसावा न्हाई, कुठंतरी निघणारच. शरयूच्या तोंडावर कुणी बोललं नाही. मगदूम तर संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी असं बोलणाऱ्याला झाडलं. पण रिहानाभाभींनी जे ऐकलं ते आण्णांच्या कानावर घातलं, आणि आण्णा त्या दिवशी जेवले नाहीत.

आण्णांना एकच गोष्ट हवी होती. आजऱ्याला त्यांची थोरली बहीण होती, आक्का. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं, सुतारकामाला तिनंच धाडलं. आता ती अंथरुणाला खिळली होती. तिला हलवणं शक्य नव्हतं आणि यांना कुंपण ओलांडणं शक्य नव्हतं. रोज फोनवर दोघं एकमेकांकडं बघत बसायची. आक्काला ऐकू कमी यायचं, आठवणही राहायची नाही. ती दर वेळी नव्यानं विचारायची, "केरबा, येतोयास न्हवं?" आणि आण्णा म्हणायचे, "निगालोच आक्का."

नवरात्र बसलं त्या दिवशी आण्णांनी विषय काढला. शरयू भाकरी थापत होती.

"दसऱ्याला आजऱ्याला जाऊन येऊया. तू संगं चल. सीमोल्लंघन बी हुईल."

"आण्णा, नको."

"का नको? अडीच तासांचा तर रस्ता."

"अडीच तास तुमच्यापाशी काहीच नसणार. पट्टी बंद, गणित बंद."

"मला सांग, फिट अजून येतीया तरी का?"

"गेल्या महिन्यात पट्टीनं अकरा मोडल्या."

"त्या आल्याच असत्या कशावरनं? तुझ्या यंत्रानं म्हणायचं वादळ हाय, आनि त्येनंच म्हणायचं मोडलं. मी मधी कुठं हाय?"

शरयूचा हात थांबला. हा प्रश्न तिला नवा नव्हता. न आलेलं संकट मोजायचं कसं, हे तिनं डॉक्टरांनाही विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, खात्री करायची तर सगळं बंद करून बघावं लागेल, आणि तसं करायचा सल्ला मी काय, कुणीच देणार नाही.

"ते कळायचं तर ती येऊ द्यावी लागेल," ती म्हणाली.

"मग येऊ दे की."

"मी नाही येऊ देणार."

भाकरी करपली. आण्णांनी ती तशीच खाल्ली आणि पुन्हा विषय काढला नाही. शरयूला वाटलं, मिटलं. बापाचा स्वभाव तिला एवढ्या वर्षांत कळायला हवा होता.

खंडेनवमीच्या सकाळी आण्णा पांढरं धोतर-टोपी घालून बाहेर पडले. पूजेला दोनचार ठिकाणी बोलावणं असायचंच. शरयू टेबलाशी बसली होती. तिच्याही संगणकाला माळ घातलेली होती. पडद्यावर एक्केचाळीसचा आकडा होता. थोड्या वेळानं तो अडतीस झाला. मालकांनी बटण चुकून दाबलं असेल म्हणून तिनं चहा टाकला. चहा गाळून आली तर तेहतीस.

वीज गेली असेल म्हणावं तर बाहेर लाऊडस्पीकर चालू होता. एकोणतीस. आता तुकडे धावपळ करू लागले होते. एक यंत्र बंद झालं की तिथले तुकडे शेजारच्यावर, शेजारचं बंद झालं की त्याच्या पुढच्यावर. जागा पुरेना तेव्हा व्यवस्थेनं जोडप्रती टाकून दिल्या. मग प्रतिकृती ठोकळ केली, बारीकसारीक पेशी सोडून मोठ्या गठ्ठ्यांचं गणित. पुढची दहा मिनिटं दिसत होती ती आता चार दिसू लागली. बाप गर्दीत चेंगरतोय आणि आपण खिडकीतून बघतोय, असं तिला झालं. तिनं रिहानाभाभींना फोन लावला.

"भाभी, मशीन का बंद केलंत?"

"अगं, आण्णाच आलते. म्हणाले, डॉक्टरनी एक दिस सुट्टी दिलीया, शरूनंच पाठवलंय. स्वतःच्या हातानं हळद लावली बग की-बोर्डला. का गं? तुला ठाव न्हवतं?"

शरयूनं फोन ठेवला. लोकांनी आण्णांवर विश्वास ठेवला याचं तिला नवल वाटलं नाही. तीन वर्षं मनात अडकलेली गोष्ट कुणी मोकळी करून देत असेल, तर खरं-खोटं कोण तपासतं? ती चपला घालून दाराशी आली तेव्हा आण्णाच समोरून येत होते. कपाळावर भलामोठा मळवट, हातात हळदीकुंकवाचं ताट, चेहऱ्यावर शाळेला दांडी मारल्याचा आनंद. तिच्या मागं पडद्यावर एकाचा आकडा उरला होता.

"ह्येवढंच ऱ्हायलंय," तिच्या संगणकाकडं हात करून आण्णा म्हणाले.

"तुम्ही सगळ्यांशी खोटं बोललात."

"बोललो. तुज्यासंगं बोललो न्हाई, म्हून तुज्याकडं शेवटाला आलो." ते खुर्चीत बसले. "बंद कर शरू. एकट्या मशीनवर काय हुणार? तूच म्हणतीस, अर्धवट गणितानं भडका उडतोय. त्यापेक्षा नसलेलं बरं."

ते खरं होतं आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. एका यंत्रावरची ठोकळ प्रतिकृती झटका कधी द्यायचा ते चुकवणार हे नक्की. लोकांना परत बोलावून सगळी यंत्रं चालू करून प्रतिकृती पुन्हा जुळवायची, तर संध्याकाळ झाली असती. तिच्यापुढं दुसरा मार्ग नव्हता. बापानं तो ठेवलाच नव्हता. तिनं आधी पट्टी थांबवली आणि मग संगणक बंद केला. पंख्याचा आवाज थांबल्यावर घर किती शांत असतं, हे तिला तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं.

मग दोघांनी दिवस घालवला. ती पडद्याकडं बघत नव्हती त्यामुळं तिला आण्णांकडं बघावं लागलं. त्यांच्या कानांवरचे केस पिकले होते, ते कधी पिकले हे तिला आठवेना. ते बोलत होते. आक्कानं एकदा त्यांना आंब्याच्या झाडाला बांधून घातलं होतं, ते सांगत होते. दोघांनी पुरणपोळी खाल्ली. दुपार टळली. कोपऱ्यावर कुठंतरी ढोल वाजायला लागले, आणि 'दोर सोडला तवा' म्हणता म्हणता आण्णा मध्येच गप्प झाले.

तिनं त्यांना खुर्चीतून खाली घेतलं, कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची ओढणी सारली. पुढचं करण्यासारखं काही नव्हतं. त्यांची मान ताठली, हातपाय झटके देऊ लागले, दात आवळले गेले. शरयू त्यांच्या ओठांकडं बघत राहिली. ओठ निळे पडू लागले. श्वास येत नव्हता. यंत्र नाही, पट्टी नाही, कुणाला फोन करायला हात मोकळे नाहीत. बापाचं डोकं आणि तिचे दोन हात, एवढंच त्या खोलीत होतं. तिनं देवाला काय काय कबूल केलं ते तिचं तिलाच ठाऊक. मग आण्णांच्या छातीतून एक खरखरीत श्वास आला. मग दुसरा. हळूहळू अंग सैल पडलं.

दारात रिहानाभाभी फराळाचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्या कधी आल्या कुणी बघितलं नव्हतं. त्यांनी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि माघारी पळाल्या.

आण्णांना पुरती शुद्ध यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "आली हुती?"

"हो."

"किती येळ?"

"दोनेक मिनिटं."

आण्णा छताकडं बघत पडून राहिले आणि हसायला लागले. जिभेला चावा बसला होता, त्यामुळं हसणं वाकडं येत होतं. "म्हंजी खरंच येतीया. तुज्या यंत्रावर उगा संशय घेतला मी." मग म्हणाले, "पर शरू, दोनच मिनिटं. दोन मिनिटांपायी तीन वरसं? मला परवडती ही. कवातरी येऊ दे, जाऊ दे. तू जवळ आस, म्हंजी झालं. आणि एकांदी न्हाई गेली, तर न्हाई गेली. आक्काला बगून आल्यालो असंन."

ती दोन मिनिटं त्यांच्या लेखी झोपेतली होती. ती सगळी शरयूनं जागेपणी काढली होती. पण आण्णांचा तो चेहरा तिनं कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. "उद्या सकाळी निघू," ती म्हणाली. म्हणताना ते तिला अगदी खरं वाटत होतं. तिनं गाडी ठरवली, आक्काच्या घरी कळवलं, आण्णांची पिशवी भरली.

सकाळी गाडी दारात आली, आणि तिच्यामागून मगदूम आले. डोळे लाल, दाढी केलेली नाही. "आण्णा, गाडी थांबू दे. पाच मिनिटं संस्थेत चला. समदी जमल्यात." सणाच्या दिवशी अध्यक्ष स्वतः बोलवायला आलेले, नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

संस्थेचा हॉल भरला होता. दसऱ्याला जरीचे फेटे बांधून मिरवणारी माणसं बारशाला निघून चुकून मयताला आल्यासारखी उभी होती. रिहानाभाभी पुढंच बसल्या होत्या, डोळ्याला पदर लावून. कुणीतरी आण्णांच्या गळ्यात हार घातला आणि त्यांना खुर्चीत बसवलं. मगदूमांनी माईक घेतला.

"चुकलं आमचं," ते म्हणाले. "आण्णा मायेपोटी बोलले, की यंत्रास्नी इसावा द्या. आणि आमी खुशाल बटणं दाबली. एकानं बी शरयूताईला इचारलं न्हाई. काल आण्णास्नी काय झालं असतं, तर आमी कुठं फेडलं असतं हे? आजपास्नं उद्यमनगरात संगणक बंद व्हणार न्हाई. खंडेनवमी आसू दे, न्हाईतर आणि काय आसू दे. प्रत्येकानं जोडीला एक मशीन घ्यायचं, निव्वळ आण्णांसाठी. वीज गेली तर बॅटरी. आणि आण्णा एकटं बाहेर पडणार न्हाईत. संगं कोण ना कोण असंल. हा ठराव मी मांडतो."

आण्णा उठले. "धनपाल, ऐक माजं. चूक तुमची न्हाई. मी सांगितलं, तुमी केलंसा. आणि फिट दोनच मिनिटांची हुती. मला आजऱ्याला जायचंय. मला सोडा आता. तुमचे लई उपकार झाले, आता तुमची कामं करा."

ते शांतपणे आणि स्वच्छ बोलले होते. हॉलमधल्या एकेक माणसाला ते ऐकू गेलं असणार. तरी पुढं बसलेल्या दोघांनी उठून त्यांना हळूच खांद्याला धरून खाली बसवलं. "आण्णा, दमलायसा तुमी. बोलू नगासा," रिहानाभाभी म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात इतकी माया होती की आण्णांना पुढचं बोलता येईना.

"ठरावाच्या बाजूनं हात वर करा," मगदूम म्हणाले.

हात वर गेले. तेलाचे डाग न निघालेले, भाजल्याचे व्रण असलेले, बांगड्यांचे, सगळे. शरयू आण्णांच्या खुर्चीशी उभी होती. बाहेर गाडी उभी आहे हे तिला माहीत होतं. ती एवढंच म्हणाली असती, की मी यांच्यासोबत जाते, तर कुणी अडवलं नसतं. ती मुलगी होती, तिच्या शब्दापुढं ठराव चालला नसता. ती तोंड उघडायला गेली आणि तिला पुन्हा ते ओठ दिसले, निळे पडत जाणारे, आणि छातीतून काहीच न येणारं ते लांबलचक थांबणं. आजऱ्याच्या रस्त्यावर, एखाद्या घाटाच्या वळणावर, गाडीच्या मागच्या सीटवर तेच. तिच्या दोन हातांत तेच.

आण्णांनी मान वळवून वर पाहिलं. ते तिच्या तोंडाकडं बघत नव्हते. त्यांची नजर कुठं आहे म्हणून तिनं पाहिलं, तर तिचा हात वर होता.

"विरोधात कोण?" मगदूमांनी रिवाज म्हणून विचारलं.

एकच हात वर झाला. तो आण्णांचा होता. हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला. मगदूम व्यासपीठावरून खाली आले, तो वर केलेला हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि अलगद आण्णांच्या मांडीवर ठेवला.

"ठराव एकमतानं मंजूर," ते म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवायला शरयूला हात खाली घ्यावा लागला.